‘मुसलमानांचा मराठीशी काय संबंध?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

भाषेवरून कुठे वाद पेटला की एक ठरावीक संदेश, चार शब्द इकडचे तिकडे होऊन, मराठी व्हॉट्सॲप समूहांमध्ये पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : महाराष्ट्रातील मुसलमानांची भाषा उर्दू आहे, मराठीला त्यांनी काहीही दिलेले नाही, त्यांच्यातून सुधारणेचा आवाज कधी उठत नाही, वृत्तवाहिन्यांवर दिसतो तोच त्यांचा खरा चेहरा आहे, आणि अलीकडे त्यांच्यातील जे तरुण-तरुणी समाजमाध्यमांवर मराठीत बोलतात, तो निव्वळ दिखावा आहे. संदेशाखाली लेखकाचे नाव नसते, पण तो पुढे पाठवणारे पुष्कळदा सुशिक्षित आणि एरवी सज्जन असतात, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

भाषेबद्दलचे विधान जनगणनेच्या आकड्यांवरच तपासता येते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के होती आणि उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख होते. उर्दू नोंदवणारा प्रत्येक माणूस मुसलमानच होता असे धरून चालले, तरी किमान ५४ लाख मुसलमानांनी उर्दूखेरीज दुसरी भाषा आपली म्हणून सांगितली, असा त्याचा अर्थ होतो. त्यांत हिंदी, गुजराती किंवा कच्छी बोलणारे असतील, हे मान्यच आहे. परंतु ‘यांची भाषा उर्दू’ हे सरसकट विधान तेवढ्यानेच कोसळते. मालेगाव-भिवंडीतील मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७नंतर उत्तरेतून येथे आले आणि त्यांच्या घरात उर्दू टिकली, हे खरे आहे. चिपळूण-दापोलीकडील कोकणी मुसलमानांचे तसे नाही. त्यांच्या घरातली बोली कोकणी आहे आणि दलवाई, परकार, मुकादम ही त्यांची आडनावे त्याच मातीतली आहेत. देशावरील मुलाणी, तांबोळी, शिकलगार, बागवान, अत्तार यांच्या घरी दखनी बोलली जाते, आणि ती दखनी ‘अबीच आया’, ‘ऐसाच करता’ असा मराठी ‘च’ जागोजागी लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. गावगाड्यात मुलाण्याला वतन होते, सुगीत बलुते मिळत होते. ज्या गावाच्या व्यवहारात तो पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेला होता, त्या गावाची भाषा त्याला परकी राहिली असेल, ही कल्पनाच गावगाडा न पाहिलेल्या माणसाची आहे.

‘मराठीला काय दिले?’ या प्रश्नाला नावांची यादी देऊन उत्तर द्यावे, असे मला मनापासून वाटत नाही. देशस्थांनी किंवा मराठ्यांनी मराठीला काय दिले, याची पावती कोणी कोणाकडे मागत नाही. तरीही आरोप ‘काहीही नाही’ असा असल्यामुळे काही नावे घ्यावीच लागतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सोळाव्या-सतराव्या शतकातले संतकवी; वारकरी परंपरेत त्यांना मान आहे आणि शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानत, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठी टीका लिहिली. पेशवाईच्या अखेरीस ज्यांच्या लावण्यांनी फड गाजवले, ते जेजुरीचे सगनभाऊ जातीने शिकलगार होते. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख यांचा डफ आणि पहाडी आवाज वजा केला, तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या सभा कशा झाल्या असत्या, हे त्या पिढीतील कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारावे. मराठी गझल ऐकणाऱ्याला सांगलीकडचे इलाही जमादार माहीत नाहीत, असे होणे नाही. महानुभाव आणि संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ज्यांचा मराठीशी संबंध नाही, त्यांनी स्वतःची दुःखे मांडण्यासाठी मराठीचेच संमेलन का भरवावे, याचे उत्तर संदेशकर्त्याने द्यायला हवे.

सुधारणेच्या मुद्द्यावर संदेशात एक चलाख सोय केलेली असते : हमीद दलवाईंचे नाव गौरवाने घ्यायचे आणि लगेच ‘पण असा एकच झाला’ असे म्हणायचे. दलवाईंचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत विधिमंडळावर जो मोर्चा गेला, त्यात चालणाऱ्या सात मुस्लिम स्त्रिया होत्या. तोंडी तलाकविरुद्ध रस्त्यावर उतरण्याची किंमत त्यांना आपापल्या मोहल्ल्यात मोजायची होती, आणि आज त्यांची नावे संदेश पाठवणाऱ्यालाच काय, बहुतेक पुरोगाम्यांनाही सांगता येणार नाहीत. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्यातले एक संस्थापक सय्यदभाई यांनी बहिणीच्या वाट्याला आलेला तलाक पाहून हे काम हाती घेतले आणि पुढील अर्धशतक ते सोडले नाही. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जळगावात मुस्लिम स्त्रियांना चित्रपट पाहण्यास बंदी घालण्यात आली, तेव्हा १९८२ साली ती बंदी मोडायला रझिया पटेल उभ्या राहिल्या. हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत स्त्रियांना जाता यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्याही मुस्लिम स्त्रियाच होत्या, आणि ऑगस्ट २०१६मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. या माणसांना समाजात बहुमत मिळाले, असा माझा दावा नाही. कर्मठांनी त्यांना छळले, हेही खरे आहे. पण महात्मा फुल्यांना आणि आगरकरांना तरी त्यांच्या हयातीत बहुमत कुठे होते?

वाहिन्यांवर दिसते तेच वास्तव, या विधानावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. विषय महागाई असो, ऊसदर असो किंवा स्पर्धापरीक्षा, चर्चेला मुस्लिम पाहुणा बोलावला जात नाही. भोंगा, हिजाब किंवा तलाक हा विषय निघाला की मात्र हमखास बोलावला जातो, आणि तोही बहुधा दाढीधारी, हिंदी-उर्दूत तावातावाने बोलणारा. मागे पडद्यावर भेंडीबाजारातील टोप्यांची आणि बुरख्यांची तीच जुनी दृश्ये फिरत राहतात. सांगलीच्या बाजार समितीत सौद्याला बसलेला बागवान किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणारी मुलाणीबाई त्या चौकटीत बसत नाही, कारण त्यांच्याकडून भांडण मिळत नाही. निवड वाहिनीची असते आणि दोष मात्र न बोलावलेल्यांच्या माथी मारला जातो.

राहिला दिखाव्याचा आरोप. डोक्यावर ओढणी घेतलेली मुलगी मराठीत बिर्याणीची कृती सांगते किंवा तलाठी भरतीच्या अभ्यासाचे वेळापत्रक समजावते, तेव्हा खाली दोन प्रकारचे अभिप्राय येतात : एक ‘पाकिस्तानात जा’ आणि दुसरा ‘मुसलमान असून मराठी किती छान बोलतेस!’ पहिला तिला परदेशात पाठवतो, तर दुसरा तिला स्वतःच्या भाषेत पाहुणी ठरवतो. मला स्वतःला दुसऱ्याचा त्रास अधिक होतो, कारण तो कौतुकाच्या सुरात येतो आणि त्याला उत्तर देणे उद्धटपणाचे ठरते. शिवाय दिखावा माणूस लाभासाठी करतो. येथे लाभ कोणता? जुलै २०२१मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या नावाची ॲप उघड झाली. समाजमाध्यमांवर स्पष्टपणे मते मांडणाऱ्या मुस्लिम पत्रकार, वकील आणि कार्यकर्त्या स्त्रियांची छायाचित्रे तेथे ‘लिलावा’ला लावलेली होती. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने परराज्यांतून अटक केलेले बहुतेक आरोपी विशीच्या आसपासचे, शिकलेले तरुण होते, आणि त्यांत एक मुलगीही होती. या स्त्रियांपैकी अनेकींनी त्यानंतरही लिहिणे थांबवले नाही. ‘मुसलमानांच्या बायका बोलत का नाहीत?’ असे विचारणाऱ्या संदेशात या प्रकरणाचा उल्लेख मला अजून एकदाही आढळलेला नाही.