साहेबांची पाचवीतली पापं कशी शोधावीत

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. आमदारसाहेबांनी म्हणे पाचवीत बाकावरच्या मुलाची कंपासपेटी ढापली होती. मतदार जागा झाला, बरं वाटलं. आता हेच काम शिस्तीत कसं करायचं ते ऐका.

साक्षीदार शेजारच्या तुकडीतला घ्या. त्याच वर्गातल्याला खरं आठवायची भीती असते.

शाळा सोडल्याचा दाखला मात्र चुकूनही मागू नका. त्यावर 'वर्तणूक : चांगली' असंच असणार. तुमच्या-माझ्या दाखल्यावरही तेच आहे, वर्गाबाहेर अंगठे धरून उभे राहिलो तरी.

कायदा वाचू नका. 7 वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. आणि अल्पवयात दोषी ठरला तरी, सोळा-अठरामधल्या घोर गुन्ह्यांचा अपवाद सोडता, त्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. सगळी मजाच जाते.

मुख्य काम पुढेच. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून साहेबांचं शपथपत्र, म्हणजे नमुना 26, उतरवून घ्या. प्रलंबित खटले, एफआयआरचे क्रमांक, कलमं, पाच वर्षांचं उत्पन्न, बायकोच्या नावावरची जमीन, सरकारी थकबाकी, सरकारी कंत्राटं... हे सगळं भराभर खाली सरकवा. शिक्षणाच्या रकान्यात शाळेचं नाव आणि साल मिळालं की झालं! हे शपथपत्र तुम्हाला फुकट मिळालेलं नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं करायला लावलं, संसदेने कायदा करून त्यातली हवा काढली, 2003 मध्ये न्यायालयाने ती पळवाटही बुजवली. एवढ्या खटाटोपानंतर हातात आलेला कागद तुम्ही वाचता कशासाठी, तर पाचवीच्या शाळेचा पत्ता काढायला?

शाळेत खरंच कुणाला छळलं असेल तर त्याने नावानिशी बोलावं, आपण ऐकू. इथे ना नाव, ना गाव, ना साल. नुसतं 'जसं आलं तसं पुढे पाठवतोय'.

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला कोट्यवधींचा निधी मिळतो. तो कुठल्या गल्लीत मुरला हे कधी विचारलंत? माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ'चा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पत्ता जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालय, ठाणे. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. तेवढं होत नाही तुमच्याने. मग गायमुखच्या चढावर दोन तास अडकलात की कुणाच्या नावाने बोटं मोडता?