लायसन लागत नाही, पण छर्रा कुठं जातो?

जत्रा असो नाहीतर दिवाळीची सुट्टी, बेळगाव-खानापूर-निपाणी भागात एक प्रश्न हमखास येतो. पोरासाठी एअर गन घ्यायची आहे, लायसन लागतंय काय? काउंटरवरचं उत्तरही ठरलेलं: "लागत नाही, घेऊन जावा." उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. छर्रा शेजाऱ्याच्या न्हाणीच्या काचेवर, कुणाच्या कुत्र्यावर, नाहीतर वाटेनं जाणाऱ्या बाईच्या डोळ्यावर बसला की पुढं जी कलमं लागतात, त्यांत लायसन आहे का नाही हे कुणी विचारत नाही.

आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडं तीन वेगळ्या वस्तूंना सरसकट "छर्ऱ्याची बंदूक" म्हणतात. पहिली जत्रेतली प्लास्टिकची, ६ मिमीचे पिवळे-हिरवे प्लास्टिकचे गोल छर्रे उडवणारी. त्या छर्ऱ्याचं वजन ०.१२ ग्रॅम, सेकंदाला ६० मीटर वेग धरला तर ऊर्जा ०.२ जूलच्या आसपास. दुसरी खरी बीबी गन: ४.५ मिमीचा, तांब्याचा मुलामा दिलेला स्टीलचा गोल छर्रा, वजन साधारण ०.३५ ग्रॅम. वेग १०० मीटर असेल तर पावणेदोन जूल. तिसरी नळी मोडून भरायची एअर रायफल, हीच फुगे फोडायच्या स्टॉलवर असते. तिला कंबरेत बारीक असलेला शिशाचा छर्रा लागतो, वजन अर्धा ग्रॅम, आणि ती सहज १० जूलपर्यंत जाते. पहिलीच्या पन्नास पट. दुकानात मात्र तिन्ही एकाच फळीवर टांगलेल्या असतात.

पहिली विकत घेताना आयएसआय मार्क बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. जत्रेतल्या बहुतेक मालावर तो नसतो, आणि ०.२ जूल असली तरी दोन हातांवरून डोळ्यात बसलेला प्लास्टिकचा छर्रा आत रक्त साकळवू शकतो. तेव्हा "खेळण्यातली आहे" म्हणून ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता आर्म्स ॲक्ट, १९५९. त्यात 'फायरआर्म'ची व्याख्या अशी आहे की स्फोटकानं किंवा इतर कुठल्याही ऊर्जेनं प्रक्षेप्य सोडणारं शस्त्र. दाबलेली हवा ही ऊर्जाच. म्हणजे व्याख्येप्रमाणे एअर गन कायद्याच्या आतच येते. तिला फक्त सूट दिलेली आहे. आणि सुटीला हद्द आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलच्या वर गेली, किंवा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमीपेक्षा (.१७७ इंचापेक्षा) मोठा असला, की लायसन लागतं. गावाकडं आजोबांच्या काळापासून आढ्याला टांगलेली ५.५ मिमीची, म्हणजे .२२ ची हवेची बंदूक असते ना, ती कितीही मरतुकडी असली तरी सुटीत बसत नाही. ऊर्जा कमी असून उपयोग नाही, बोअर मोठा आहे.

२० जूलचा हिशेब स्वतः करता येतो. छर्ऱ्याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २० जूलला पोचायला सेकंदाला २८३ मीटर वेग लागतो, जाहिरातीच्या भाषेत साधारण ९३० फूट. ऑनलाइन "१००० एफपीएस" (सेकंदाला हजार फूट) असं लिहिलेलं दिसलं की तिथं थांबा. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यानं तो वेग खरोखर मिळत असेल तर ऊर्जा २३ जूल होते आणि तुमची "बिनलायसनची" बंदूक लायसनची होते. बऱ्याचदा तो आकडा ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो, तेव्हा १६ जूल. म्हणून एफपीएस वाचून काही कळत नाही, जूल विचारा. आणि पक्क्या बिलावर बोअर, जूल व बंदुकीवरचा नंबर लिहून घ्या. बिल मोठ्या माणसाच्या नावावर, पोराच्या नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते स्प्रिंगमध्ये. बंदूक "ढिली पडली" म्हणून मेकॅनिककडं नेतात, तो जाड स्प्रिंग घालून देतो, वेग वाढतो, सगळे खूश. मूळ बिलावरचे जूल आता त्या बंदुकीचे राहिलेले नसतात. उद्या काही घडून ती जप्त झाली तर तपासणी बंदुकीची होते, बिलाची नाही. खरं तर ढिली पडण्याचं कारण बऱ्याचदा पिस्टनचं सील झिजणं हे असतं, आणि ते लवकर झिजतं छर्रा न घालता नुसताच घोडा ओढल्यानं. सील बदला, स्प्रिंग कंपनीचीच ठेवा.

मग परसूचा प्रश्न. परसू आपलं, कुंपण आपलं, मग काय हरकत? मोजून बघा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. शहरातली साईट ३० बाय ४०, त्यात घर उभं. मागं उरतात आठ-दहा फूट. स्टीलचा छर्रा थोडा वर करून सोडला तर शंभर मीटरच्या पुढं जातो. शिशाचा त्याच्याही पुढं. म्हणजे कुंपणापलीकडची पाच-सहा घरं पल्ल्यात. युट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून परसात टार्गेट लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: त्यांचं बॅकयार्ड मोठं असतं, आणि तिथंही कुठं चालतं, कुठं नाही हे राज्याराज्याला, गावागावाला वेगळं आहे. वडगाव-शहापूरच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत ते लागू करणं म्हणजे अतिच झालं. माझं मत सरळ आहे: ३० बाय ४० च्या साईटवर स्टील किंवा शिशाचा छर्रा उडवूच नये, बाप शेजारी उभा असला तरीही.

त्यात गोल स्टीलचा छर्रा उसळतो. शिसं चपटं होतं, स्टील होत नाही. जांभ्याचा चिरा, काँक्रीट, नारळाचं खोड, पत्र्याचा डबा, यांतल्या कशावरही तो मारला की जोरानं परत येऊ शकतो, आणि येतो तो बऱ्याचदा मारणाऱ्याकडंच. डबा उडवायची हौस इथंच डोळ्यावर येते.

समजा तो दुसऱ्याला लागला. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५: निष्काळजीपणानं कुणाचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घातली तर, इजा न होताही, तीन महिने किंवा २,५०० रुपये दंड किंवा दोन्ही. इजा झाली तर सहा महिने किंवा ५,००० पर्यंत. गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षं किंवा १०,००० पर्यंत. एका डोळ्याची नजर कायमची जाणं कलम ११६ च्या व्याख्येनं गंभीर दुखापतच आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही; सात ते बारामध्ये त्याला परिणामाची समज होती का ते बघितलं जातं. पण यावरून सुटकेचा श्वास सोडू नका. भरलेली बंदूक सात वर्षांच्या पोराच्या हातात देऊन आत चहा प्यायला गेलेला माणूस मोठा असतो, आणि निष्काळजीपणा त्याचाच मोजला जातो. बारा ते अठरामधलं मूल बाल न्याय मंडळापुढं जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ आईवडलांनाही दंड भरायला लावू शकतं. औषधपाण्याचा आणि भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. उलट बाजूही माहीत असू द्या: मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांत मंडळापुढं हजर करावं लागतं. ठाण्यात आवाज चढवण्यापेक्षा बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा.

शेजाऱ्याचं कुत्रं किंवा मांजर मेलं, लंगडं झालं तर न्याय संहितेचं कलम ३२५, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

पाखरांचा विषय मोठा आहे, कारण बंदूक हातात आली की पोराची नजर टार्गेटवर टिकत नाही, आंब्यावर जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. नेम चुकला तरी. मोर पहिल्या परिशिष्टात, शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५,००० दंड. "कावळ्याला मारलं तर चालतं" हा जुना समज पाचव्या परिशिष्टावरून आलेला. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं त्यात 'उपद्रवी' म्हणून होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच काढून टाकलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे.

जांबोटी, कणकुंबी, आमगाव, तळेवाडी या बाजूच्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघावी. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कुठलंही शस्त्र नेता येत नाही, आणि तिथं शस्त्राची व्याख्या गळ, जाळी, चाकूपर्यंत पसरलेली आहे. आर्म्स ॲक्टमधली २० जूलची सूट तिथं दाखवून काही होत नाही. माकडं हाकलायला म्हणून शिवारात नेलेली एअर गन तशीच खांद्यावर टाकून हद्दीत पाऊल ठेवलं की झालं.

आणि आपल्या भागाची खास अडचण. १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन), बेळगावच्या सुवर्ण विधानसौधचं हिवाळी अधिवेशन, निवडणुका, सीमाप्रश्नावरचा ताण, यांतल्या कशावरूनही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) जमावबंदीचा आदेश निघू शकतो, आणि त्यात शस्त्रं बाळगण्यावर बंदी घालता येते. शहरात आदेश पोलीस आयुक्तांचा, खानापूर-निपाणीकडं जिल्हाधिकाऱ्यांचा; चंदगडला गेलात तर कोल्हापूर जिल्हा, तिथला वेगळा. कर्नाटकातला आदेश कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या आणि त्या दिवसांत बंदूक कुलपात ठेवा. खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी काळी बीबी गन घेऊन गल्लीच्या तोंडाला उभं असलेलं पोर बंदोबस्तातल्या शिपायाला लांबून खेळणं वाटत नाही.

एवढं असूनही ज्यांच्याकडं शेत आहे आणि पोराला नीट शिकवायचं आहे, त्यांनी असं करावं. मागं मातीचा बांध किंवा चढ, माणसापेक्षा उंच. त्याच्यापुढं दीड फूट बाय दीड फुटाचा पुठ्ठ्याचा खोका, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी ठासून भरलेला. शिशाच्या छर्ऱ्याला हे पुरतं. स्टीलला खोक्याच्या आत गोणपाटाचे दोन पदर सैल लोंबते सोडा, ताणून बसवू नका, ताणलं की उसळतं. अंतर १० मीटर. ऑलिंपिकमधल्या एअर रायफलचंही तेवढंच असतं, म्हणजे सराव वाया जात नाही. सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही, बाजूनं बंद असलेला पॉलीकार्बोनेटचा गॉगल. साधा चष्मा नको. नळी मोडून भरताना एका हातानं नळी धरूनच छर्रा घाला. चुकून घोडा ओढला गेला तर नळी झटक्यानं बंद होते आणि बोट चेचतं. बीबी गनचं मॅगझिन काढलं म्हणजे ती रिकामी झाली असं नाही, एक छर्रा आत राहिलेला असू शकतो; खोक्यात एकदा मारूनच ठेवा. शिशाचे छर्रे तोंडात धरायची पोरांना वाईट सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा, नंतर साबणानं हात. बारा वर्षांखालच्याला मी यातलं काहीच देणार नाही. त्यापुढच्याला एका वेळी एकच छर्रा, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

इतकं करूनही डोळ्याला लागलं तर चोळू नका, पाण्यानं धुऊ नका, दाबू नका, थेंब घालू नका. कागदी कपाचं बूड कापून घ्या, ते डोळ्यावर न टेकेल असं झाका आणि कपाळ-गालाला चिकटपट्टी लावा. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. छर्रा दिसत असला तरी ओढू नका. आणि दवाखान्यात पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सांगा की तो स्टीलचा आहे का शिशाचा. स्टील आत असताना एमआरआय केला तर चुंबकानं ते डोळ्यात हलतं.