‘साथीत फॅमिली डॉक्टर पळाले’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

कोरोनाकाळाचा विषय निघाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच: ‘फॅमिली डॉक्टर शटर ओढून घरी बसले, फोनवर दिलेली औषधं बेकायदा होती, पुढच्या साथीत थेट मोठं हॉस्पिटल गाठा.’

‘घाबरून घरी बसले.’ मार्च-एप्रिल २०२० मध्ये बरेच दवाखाने बंद होते आणि बीपी-शुगरच्या पेशंटचे हाल झाले, हे खरं आहे. पण आपल्याकडचा साधा दवाखाना म्हणजे एक गाळा. पुढे बाकडं, मध्ये पार्टिशन, आतल्या खोलीला खिडकी नाही. तापाचा पेशंट खोकला की बाकड्यावर बसलेल्या गरोदर बाईलाही धोका. एन-९५ मास्क आणि पीपीई किट मिळत नव्हते. दिवा स्टेशनहून कंपाउंडर यायचा कसा? २३ मार्चपासून लोकल बंद, आणि १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी.

ज्यांनी दवाखाने उघडे ठेवले त्यांचं काय झालं, हे तर मेसेजमध्ये नसतंच. नवी मुंबई महापालिकेने ३१ मार्च २०२० ला नोटीस दिली: दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. अशी नोटीस मिळालेले एक डॉक्टर जूनमध्ये कोविडने गेले. पत्नीने ५० लाखांच्या सरकारी विम्यासाठी दावा केला, तर त्यांची सेवा सरकारने कोविडसाठी मागितलीच नव्हती असं कारण पुढे आलं. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये दावा फेटाळला. डॉक्टरांच्या सेवा मागवल्या गेल्या होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत डिसेंबर २०२५ उजाडला. इतक्या उशिरा मिळालेल्या न्यायानंतर त्यांना पळपुटे म्हणणं क्रूर आहे.

‘फोनवरची औषधं बेकायदा.’ चूक. केंद्राची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, नियमावली २५ मार्च २०२० ची आहे. ओळखीच्या पेशंटची त्याच आजाराची चालू गोळी फोनवर पुन्हा लिहून देता येते; त्यासाठी मागच्या सहा महिन्यांत त्या आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी झालेली हवी. नवा पेशंट आणि फक्त फोन, तर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी अजिबात नाही. केमिस्टकडे चिठ्ठी अडते ती बहुधा फोटोत नोंदणी क्रमांक, तारीख किंवा सही कापली गेल्यामुळे. व्हॉइस मेसेज ही चिठ्ठी नव्हे.

‘थेट मोठं हॉस्पिटल.’ तिथला बेड ऑक्सिजन लागणाऱ्यासाठी आहे, आणि तो कधी लागेल हे घरी ओळखता येतं. पाच मिनिटं शांत बसा, बोट गरम करा, नेलपॉलिश काढा, ऑक्सिमीटरचा आकडा स्थिर झाला की लिहा. मग घरातच सहा मिनिटं चाला. साठीच्या पुढचे तीन मिनिटं. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त उतरला किंवा धाप लागली, तर हॉस्पिटल. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल तर चालूच नका, निघा. ऑक्सिजन नीट असताना आपल्या मनाने स्टेरॉइड घेऊ नका: कोविडवर फायदा नाही, मधुमेह असेल तर साखर उसळते.

फॅमिली डॉक्टरला फोन लावताना समोर कागद ठेवा: ताप कितवा दिवस, थर्मामीटरचा आकडा, चालण्याआधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन, जुने आजार, चालू गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसह. ‘ती पांढरी छोटी गोळी’ म्हटलं तर फोनवर कुणालाच काही कळत नाही.