उधारीच्या ॲपला एक स्टार दिलेल्या अण्णांना उत्तर

नमस्कार अण्णा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळपर्यंत चार-पाच वेळा परत वाचला. तुम्ही लिहिलंय, "पहिला फुकट देऊन सवय लावली, आता साधा एक मेसेज पाठवायला वर्षाला १४९ मागतात, मोबाईल बदलला तर तीन महिन्याची उधारी गायब, फोन केला तर उचलत नाहीत, ही फसवणूक आहे."

उधारी गेली त्याबद्दल मनापासून माफी मागतो. माझ्या वडिलांचं बेळगावात, वडगावला किराणा दुकान होतं, एका पावसाळ्यात पत्र्यातून पाणी गळून उधारीची लाल वही भिजली, सगळी शाई पसरली, आणि ते दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. गिऱ्हाईक "मी दिलेत की" म्हणालं की दुकानदाराकडं दाखवायला काहीच राहत नाही. त्या वहीमुळंच हे ॲप सुचलं. त्यामुळं तुमची उधारी गेली हे वाचून वाईट वाटणार नाही असं कसं होईल.

फोनचं सांगतो. तुमचे तीन कॉल आलेले दिसतात, तिन्ही अनंत चतुर्दशीच्या रात्री साडेअकरानंतर. त्या वेळी आमचं अख्खं ऑफिस, म्हणजे आम्ही तिघं, आपापल्या मंडळाबरोबर कपिलेश्वर तलावाच्या रस्त्यावर होतो, ढोलात काय ऐकू येणार. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत फोन केला होता, तुम्ही कट केला. असू दे.

पण "फसवणूक" हा शब्द मला सोसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चालवून घ्या.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ॲप काढलं तेव्हा फुकट ठेवलं, कारण खानापूर-निपाणीचा दुकानदार आधी पैसे भरून नवीन ॲप घेणार नाही हे माहीत होतं. जाहिरातीवर भागेल असं वाटलं होतं. पण फुकटच्या ॲपचं उलटं असतं, दुकानात गिऱ्हाईक वाढलं की गल्ला वाढतो, इथं माणसं वाढली की आधी सर्व्हरचं बिल वाढतं. लोक डाऊनलोडचा आकडा बघून अभिनंदन करायचे आणि मी महिनाअखेरीची वाट घाबरत बघायचो. त्यात काही दुकानदारांनी आमचं भलं व्हावं म्हणून एकेक जाहिरात दहा-दहा वेळा दाबली, खरंच चांगल्या मनानं, पण जाहिरात देणाऱ्या कंपनीला ते खोटे क्लिक वाटले आणि त्यांनी आमचे अख्ख्या महिन्याचे पैसे अडवले. त्या महिन्याचा पगार मी बायकोची भिशी मोडून दिला.

आता तुमचा "साधा एक मेसेज". तो म्हणजे उधारी बाकी आहे म्हणून ॲप गिऱ्हाइकाला आपोआप पाठवतं तो रिमाइंडरचा एसएमएस. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठीत किंवा कन्नडमध्ये पाठवला तर फक्त ७०. आणि ती पण आपण मोजतो तशी नाही, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं चिन्ह, सगळं वेगळं धरतात. नुसतं "श्री" लिहिलं तर आपल्याला एक अक्षर, मोबाईलला चार. आमचा रिमाइंडर बघा, "नमस्कार, आपली उधारी ८५० रुपये बाकी आहे. कृपया जमा करावी. धन्यवाद." हे स्पेस धरून ६५ होतं, मी स्वतः बोटावर मोजलंय. त्यात तुमच्या दुकानाचं नाव घातलं की ७० च्या वर गेलं आणि एका मेसेजला दोन मेसेजचे पैसे लागले. नाव काढून टाकलं तर उधारी कुणाची ते गिऱ्हाइकाला कळणार कसं?

आम्हाला एक मेसेज वीसेक पैशाला पडतो. १४९ मध्ये महिन्याला २५ रिमाइंडर आहेत, वर्षाला ३००, दुप्पट धरून ६०० मेसेज, म्हणजे १२० रुपये तिथंच गेले. १४९ मधले १५ टक्के, बावीस रुपये, प्ले स्टोअर कापून घेतं. राहिले सहा-सात रुपये. वर्षाचे. ह्याला तुम्ही फसवणूक म्हणालात.

इंग्रजीत पाठवा, निम्म्यात काम होईल, असं आम्हाला खूप जणांनी सांगितलं. पण जांबोटी-कणकुंबीकडचं गिऱ्हाईक, साधा बटणाचा मोबाईल, नेट नाही, रेंज मिळेल तेव्हा मेसेज पडणार, त्याला इंग्रजी मेसेज पाठवून काय उपयोग? आपल्याकडं एकाच दुकानात एक गिऱ्हाईक मराठी, एक कन्नड, म्हणून दोन्ही भाषा ठेवल्या. दोन्हीचे नमुने टेलिकॉमच्या नियमाप्रमाणं आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर मेसेज जातच नाही.

पहिल्यापासूनच पैसे का नाही लावले, हे तुमचं बरोबर आहे. तेव्हा मला अक्कल नव्हती. आणि एकदा फुकट म्हणून टाकलेलं ॲप प्ले स्टोअरवर नंतर विकतचं करता येत नाही, आतल्या एखाद्या सोयीलाच पैसे लावता येतात. म्हणून फक्त आपोआप जाणाऱ्या एसएमएसला लावले. नोंद, हिशोब, व्हॉट्सॲपवर स्वतः पाठवायचा रिमाइंडर, सगळं आजही फुकट आहे. गूगल फोटोजनं सुद्धा १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद करून १५ जीबीवर आणली, एवढ्या मोठ्यांना परवडत नाही तर आम्ही दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका खोलीत बसून किती दिवस ओढणार?

दुसरा रस्ता होता, तोही सांगतो. कर्ज देणाऱ्या एका कंपनीची माणसं आली होती. त्यांना तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर पाहिजे होते. उधारीची यादी म्हणजे गावात कुणाला पैशाची नड आहे त्याची यादी, त्यांना ती सोन्यासारखी. दिली असती तर तुम्हाला एक रुपया मागावा लागला नसता. लोकांची खासगी माहिती जपायच्या २०२३ च्या डेटा कायद्यात २५० कोटीपर्यंत दंड आहे, पण मी नकार दिला तो दंडाच्या भीतीनं नव्हे. वडिलांच्या वहीतली नावं त्यांनी कधी शेजारच्या दुकानदाराला पण दाखवली नव्हती. त्या माणसांना चहा पाजून परत पाठवलं.

तुमचा बॅकअप बंद होता, बॅकअप चालू करायची सूचना नको म्हणून तुम्हीच "नंतर" दाबत गेलात, असं नोंदीत दिसतंय. पण बॅकअपचं बटण बारीक आहे, ती आमची चूक, मोठं करतो. पैशाचं पण आधी स्पष्ट लिहितो, आणि रिमाइंडर थोडे वाढवता येतात का बघायलोय.

जुना मोबाईल टाकला नसेल तर घेऊन या. स्क्रीन फुटलेली असली तरी चालू होत असेल तर आतली तीन महिन्याची उधारी बहुतेक काढता येईल, पैसे घेणार नाही. रविवारी ऑफिस बंद असतं, पण दुकान सोडून तुम्हाला तेव्हाच जमणार असेल तर सांगा, मी येऊन उघडतो. फक्त तोपर्यंत त्या जुन्या मोबाईलवरनं ॲप काढून टाकू नका.