‘लग्न होईपर्यंत सांगू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रेम आणि द्वेष म्हणजे अंधारात दोरीच्या जागी दिसणारा साप. उजेड आला की साप गायब. म्हणून प्रेमावर उजेड पाडू नका, स्थळ बघताना आजारपण काढू नका, जीव जडला की सगळं निभावतं. आणि द्वेष करणाऱ्याला फक्त खरं काय ते सांगा, द्वेष आपोआप निवळतो. शेवटी ‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणून प्रेमाचं आयुष्य तीन वर्षं. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या, नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीला हा मेसेज तिच्या सख्ख्या मावशीनं मायेनं पाठवलाय. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ती दोरी. दृष्टांत घ्यायचा तर पुरता घ्यावा. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’ या वेदान्तावरच्या ग्रंथात, तृप्तिदीप प्रकरणात, याच दोरीबद्दल म्हटलंय की ती दोरी आहे हे कळल्यावरही अंगाचा कंप हळूहळूच शमतो, आणि अंधुक उजेडात तीच दोरी टाकली तर पुन्हा साप वाटू शकते. समजूत गेली की भावना तत्क्षणी गेली, असं त्यात नाहीच.

आता सगळ्यात घातक मुद्दा, लपवण्याचा. फिटची गोळी ठरल्या वेळी रोज घ्यावी लागते. सासरी ती लपवायची म्हणजे पर्समध्ये, साड्यांच्या घडीत ठेवायची आणि कोणी खोलीत असलं की चुकवायची. चुकलेला डोस आणि जागरण ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणं, आणि हळदीपासून सत्यनारायणापर्यंत लग्नघरात झोप कुठली? फिट आली की माहिती नसलेली माणसं कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात, हातपाय दाबून धरतात. यातलं काहीही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. हे नवऱ्याला आधी ठाऊक नसेल तर करणार कोण? शिवाय व्हॅल्प्रोएटसारख्या फिटवरच्या औषधानं गर्भात व्यंग होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं की काय ते ठरवावं लागतं (मनानं बंद करायचं नाही). लपवलेल्या आजाराचं हे बोलणं होतच नाही.

कायदाही इथे नेमका आहे. फिट येणं ही विवाहाला आडकाठी मानणारा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकला. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर कलम १२ खाली फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. आजार गुन्हा नाही, लपवणं अंगाशी येतं.

सांगायचं ते साखरपुड्याआधी आणि मुलीनं स्वतः मुलाला सांगावं. आजाराचं नाव, कधीपासून, शेवटची फिट कधी, गोळी कोणती, किती वेळा. जमलं तर पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून जावं. मध्यस्थाकरवी ‘जरा चक्कर येते’ असं कळवू नये. अर्धं सांगितलेलं पुढे खोट्यातच धरलं जातं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. प्रेमात माणूस आहे त्यापेक्षा थोडा गोजिरा दिसतो आणि त्यात सुखही असतं. पण लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली नवविवाहित जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो मेसेजच्या उलट बोलतो. नवरा एकूणात गुणी वाटणं तर होतंच, पण त्याचे नेमके गुणदोषही ज्या बायकांना बरोबर ठाऊक होते, त्यांच्यात घटस्फोटाचा धोका कमी आढळला. प्रेम उजेडात टिकतं. मोडतं ते बहुतेकदा आपल्याला फसवलं गेलं हे कळल्यामुळे.

तीन वर्षांचं म्हणाल, तर सुरुवातीची हुरहुर ओसरते हे खरं. तिलाच प्रेम म्हणायचं हे कोणी ठरवलं?

द्वेषाबद्दलचा मुद्दा मात्र नाशिककरांनी तरी पुढे पाठवू नये. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार अडवणाऱ्यांना माहिती कमी होती का? दार बंद राहण्यात त्यांचा मान होता, आणि मान माहितीनं सुटत नाही.

आजचं बघायचं तर मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला एक स्टीलचा पेला बघा, कामाला येणाऱ्या मावशींचा. विचारलं तर घरातले मनापासून म्हणतात, ‘आम्ही शिवाशिव मानत नाही हो, सवय आहे.’ समजूत गेली, पेला राहिला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका कामातले खोटे गुण सांगितले, मग ते खोटे होते हेही सांगितलं, तरी जास्त गुण ऐकलेले स्वतःला त्या कामात हुशारच समजत राहिले. एकदा धरलेलं मत, आधार काढला तरी असं उभं राहतं.

म्हणून खरं सांगाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तो पेला आत आणा, बाकीच्या पेल्यांत मिसळा, घासून मांडणीवर लावा, म्हणजे कुणाचा कुठला ते ओळखूच येणार नाही. मावशींना चहा ओट्याजवळ उभ्यानं न देता सगळ्यांबरोबर बसून द्या. पहिले काही दिवस हात अडखळेल, घरातलं एखादं मोठं माणूस कुरकुरेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पण पेला परत मोरीवर जाऊ देऊ नका.