पसंतीक्रमाच्या यादीत नसलेला विषय

कर्वे रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा अप्पांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून पसरला. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीसाठी केलेली पसंतीक्रमाची ती कच्ची यादी होती. पहिल्या ओळीवर खोडरबर इतक्यांदा फिरले होते की तिथला कागद पातळ झाला होता. अप्पांनी तिथे 'सीओईपी, मिळेल ती शाखा', म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळेल ती शाखा, असे लिहायचे आणि वहिनींनी ते खोडून घराजवळच्या खासगी महाविद्यालयातील संगणक शाखा वर आणायची, असे आठवडाभर चालले होते.

हा वाद निरर्थक नव्हता. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला, तर तो अंतिम धरला जातो आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचे याला खरोखरच वजन आहे. भाऊ अप्पांच्या बाजूने होते. 1854 पासून चालत आलेल्या आणि 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालेल्या संस्थेचा शिक्का जन्मभर कामाला येतो, असे त्यांचे मत पडले. आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यांत काढलेल्या नानांना वहिनींचे पटत होते, कारण मंदीत पहिली कपात कुठे होते हे त्यांनी स्वतः पाहिले आहे.

मी विचारले, "मुलीचे काय म्हणणे आहे?"

"तिला फर्ग्युसनला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे आहे," अप्पा म्हणाले. "पण तो हट्ट आहे."

म्हणजे आईवडील ज्या यादीवरून भांडत होते, त्या यादीत मुलीचा विषय असणे शक्यच नव्हते, कारण बी.एस्सी.चा प्रवेश कॅपमधून होत नाही. ही गोष्ट मला फार लागली. माझाही अर्ज काकांनी भरला होता. नोकरी लागली, पगार वेळेवर मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तुला काय शिकायचे आहे हा प्रश्न मला त्या वेळी कोणी विचारला नाही, आणि तो मी स्वतःला विचारीपर्यंत चाळिशी उलटली होती.

नानांनी सरळ विचारले, "दगड शिकून पोट भरते का?" हा प्रश्न योग्यच होता आणि त्याचे उत्तरही तितक्याच सरळपणे द्यायला हवे. नुसत्या बी.एस्सी.वर फारसे काही होत नाही, पुढे एम.एस्सी. करावीच लागते. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' ही परीक्षा आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोग वेगळी परीक्षा घेऊन करतो, तिलाही पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा इथेच, पुण्यात आहे. आपल्या पायाखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे विहिरीला पाणी लागेल की नाही हे खडक वाचता येणाऱ्यालाच सांगता येते. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या राज्यात या विद्येला काम नाही, असे मला वाटत नाही. अप्पांची भीती मात्र खरी आहे: वर्षे जास्त लागतील, आणि पहिल्या पगाराची खात्री कमी. ती भीती त्यांनी मुलीसमोर आकड्यांसह मांडावी, आणि ती त्याला काय उत्तर देते ते नीट ऐकून घ्यावे, एवढेच माझे मागणे होते.

अप्पा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "घरात तिने एक दगड आणून ठेवला आहे, कुणाच्या तरी विहिरीच्या खोदकामातला. आत पोकळी आहे, पांढरे स्फटिक आहेत. हिने दोनदा बाहेर टाकला, पोरीने दोनदा आत आणला." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "कात्रजच्या घाटात दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला लाल थर दिसतो, असे ती सांगत होती. तो नेमका कुठे दिसतो?"

"तिलाच घेऊन जा आणि विचारा," मी म्हणालो.

त्यांनी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली आणि रविवारी घाटात बस किती वाजता जाते, याची नानांकडे चौकशी सुरू केली.