एका चाकाचा की दोन चाकांचा?

साताऱ्यातील आमच्या कट्ट्यावर मोटारसायकलवरून वाद होणे नवे नाही. गेल्या रविवारी मात्र तो तिच्यामागे जोडायच्या ट्रेलरवरून झाला. बर्मिंगहॅमला स्थायिक झालेला आमचा मित्र सुट्टीवर आला होता आणि येत्या उन्हाळ्यात पत्नीला घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तंबू ठोकत फिरण्याचा त्याचा बेत होता. दोघांचे सामान बाजूच्या पेट्यांत मावत नाही, म्हणून ट्रेलर घ्यायचे ठरलेच होते. तो एका चाकाचा की दोन चाकांचा, एवढाच प्रश्न उरला होता.

गॅरेज चालवणाऱ्या मित्राने एकचाकीची बाजू घेतली. वळणावर मोटारसायकल कलते तसा तोही कलतो आणि तिच्याच चाकोरीतून येतो, त्यामुळे आपण चुकवलेला खड्डा त्यालाही चुकतो. दोनचाकीचे एखादे चाक मात्र नेमके त्याच खड्ड्यात जाते, असे त्याचे म्हणणे. त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारले, की एकचाकीचा बराच भार मोटारसायकलवरच येत असेल, तर मागे पत्नी आणि पेट्या असताना बिचाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरने करायचे काय?

बर्मिंगहॅमच्या मित्राने ब्रिटनमधला कायदा सांगितला. इंजिन 125 सीसीपेक्षा मोठे हवे, ट्रेलरची रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको, आणि सामानासह त्याचे वजन 150 किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच चालते. त्याची मोटारसायकल 210 किलोची, म्हणजे मर्यादा 140 किलोची. पण अशा ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि उतारावर तो मागून रेटतो, म्हणून वजन सत्तर किलोच्या पुढे जाऊच नये, यावर गॅरेजवाला अडून बसला. मलाही ते पटले.

इतका वेळ गप्प असलेले नाना म्हणाले, "अरे, तुम्ही चाकं मोजताय, गाडी भरणार कशी?" शेजारी हमालाची दोनचाकी हातगाडी उभी होती. नानांनी तिच्या मागच्या कडेवर तळहात दाबला, तशी दांडी झटकन मित्राच्या हनुवटीपर्यंत वर आली. "ही उलाळ झाली, मागे भार जास्त. बैलगाडीत असं झालं की बैलाच्या मानेला फास बसतो." मोटारसायकलच्या बाबतीत हिशेब तोच आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग मोटारसायकलशी असलेल्या जोडावर पडला पाहिजे, म्हणजे सत्तर किलोला सात. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो आणि फार वाढला तर पुढचे चाक हलके होऊन हँडल सैल वाटते. तंबू हाताशी यावा म्हणून तो अगदी मागे बांधण्याचा मित्राचा विचार तिथेच बारगळला.

पारडे फिरवले ते रस्त्याने. स्कॉटलंडमधील अॅपलक्रॉस गावाकडे जाणारा घाट 626 मीटरपर्यंत चढतो आणि त्याचा रस्ता एका वेळी एकच वाहन जाईल एवढाच रुंद आहे. समोरून वाहन आले, तर ठरावीक रुंद जागेपर्यंत कोणाला तरी मागे सरावे लागते. ट्रेलर लावलेली, रिव्हर्स गिअर नसलेली मोटारसायकल पायांनी मागे ढकलणे म्हणजे शिक्षाच. दोनचाकी सोडवून हाताने ओढता येतो. एकचाकी सोडला की आडवा होतो. त्याहून उत्तम म्हणजे दोनचाकी तंबूपाशी उभा करून घाट रिकाम्या गाडीने चढायचा, असे मी सुचवले आणि मित्राने मान डोलावली.

गॅरेजवाला शेवटपर्यंत मानला नाही. तरीही चहाच्या कागदावर त्यानेच लिहून दिले: गाडी कलली तरी फिरणारा जोड, मोठ्या व्यासाचे टायर, आणि एक जादा बेअरिंग.